बटईचे घर

अमेरिकेतील सरकारी वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबाला, वर्षातून एकदा, स्थानिक गृहनिर्माण मंडळाच्या कचेरीत जाऊन आपल्या मिळकतीची झडती द्यावी लागते. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, मुलांचे जन्मदाखले, निर्वाहभत्त्याच्या मंजुरीचे पत्र, मुलांच्या बापाकडून काही पोटगी येत असल्यास तिचा पुरावा, असे सारे कागद एका जाड लिफाफ्यात घालून आलेली बाई मेजाच्या अलीकडे बसते. पलीकडचा कारकून एकेक कागद उलटीत वर्षाची मिळकत मांडतो, तीतून प्रत्येक मुलामागे ठरलेली वजावट करतो (बराच काळ ती ४८० डॉलर होती), आई कामावर असताना मूल सांभाळायला दिले असेल तर तो खर्च वजा घालतो, उरलेल्या रकमेस बाराने भागतो, आणि त्या भागाकाराचे शेकडा ३० हे यापुढचे मासिक भाडे, असे लिहून तिची सही घेतो. खोल्या तितक्याच असतात, भिंतीची ओल तीच असते, जिन्यातला दिवा बंद असेल तर तो बंदच असतो. परंतु गेल्या वर्षी निर्वाहभत्त्यावर दिवस काढणारी ही बाई यंदा एखाद्या रुग्णालयाच्या धुलाईखात्यात कामाला लागली असेल, तर त्याच घराचे भाडे दुपटीने किंवा तिपटीने चढलेले असते.

घर पाहून भाडे ठरवावे ही जगाची रीत. येथे भाडेकरूचे हात पाहून भाडे ठरते. आपल्याकडील कुणब्याला या प्रकाराचे नाव शोधण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही. जमीन दुसऱ्याला कसायला देण्याचे दोन प्रघात आपल्या खेड्यांतून पिढ्यानुपिढ्या चालत आले आहेत: एक खंडाचा, ज्यात पीक येवो अथवा न येवो, मालकाला ठरलेली रक्कम किंवा ठरलेले धान्य पोचते करावयाचे, आणि दुसरा बटईचा, ज्यात खळ्यावर रास पडली की मालकाचा वाटा आधी मोजून काढावयाचा. खंडाने करणाऱ्याला जादा कष्टाचा दाणा न् दाणा घरी नेता येतो, पण अवर्षणाच्या साली त्याच्या बायकोच्या अंगावरचे किडूकमिडूकही खंडापायी सावकाराकडे जाते. बटईने करणारा सुगीत मनातल्या मनात चरफडतो, दुष्काळात मात्र मालकाच्या वाट्यालाही शून्यच येत असल्यामुळे तो तगून जातो. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बटईच्या शेतीवर आक्षेप घेतला होता तो हाच, की ज्याच्या जादा घामाचे अर्धे फळ दुसऱ्याच्या कोठारात जाते तो मनुष्य घाम गाळणे थोडे आधीच थांबवील. अमेरिकेतील सरकारी घर हे शेकडा तीसच्या बटईने दिलेले घर आहे. आणि अशा घरातल्या बाईला निर्वाहभत्ता सोडून कामावर जाणे परवडते की नाही, या प्रश्नावर तेथील विद्वानांत गेली तीस वर्षे जो वाद चालला आहे, त्याची बरीचशी गुंतागुंत मला तरी या एका देशी शब्दाच्या आधाराने उलगडताना दिसते.

ही बटई तेथे मूळची नव्हे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत, १९३७ च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारी वसाहतींचा पाया घातला गेला तेव्हा इमारतीचा खर्च मध्यवर्ती सरकारने उचलावा आणि डागडुजी, रंगकाम, रखवाली ही भाड्याच्या वसुलीतून भागवावी, असा सरळ व्यवहार होता. पुढे इमारती जुन्या झाल्या, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, बऱ्या मिळकतीचे भाडेकरू उपनगरांकडे निघून गेले आणि मागे राहिलेल्या अधिकाधिक निर्धन कुटुंबांवर भाडेवाढीचा बोजा पडू लागला. सेंट लुइस शहरात तर मिळकतीच्या निम्म्याहून अधिक हिस्सा भाड्यातच जाणारी कुटुंबे होती, आणि तेथील भाडेकरूंनी १९६९ साली कित्येक महिने भाडे न भरण्याचा संप केला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड ब्रुक यांनी (जनतेच्या प्रत्यक्ष मतदानाने सिनेटवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ ते हेच) कायद्यात दुरुस्ती घडवून आणली, की सरकारी घराचे भाडे कुटुंबाच्या मिळकतीच्या चौथाईहून अधिक असू नये. मराठी वाचकाला चौथाई हा शब्द निराळ्या कारणाने परिचित आहे. येथे ती वसुली वाढविण्यासाठी न येता वसुलीला लगाम घालण्यासाठी आली, हे विशेष. १९७४ साली ‘कलम ८’ म्हणून ओळखली जाणारी योजना निघाली आणि तिच्याखाली कुटुंबाने खासगी मालकाचे घर घ्यावे, आपला हिस्सा आपण भरावा व वरचे भाडे सरकारने द्यावे, अशी व्यवस्था झाली. पुढे तिलाच व्हाउचरचे रूप आले. १९८१ साली रेगन यांच्या काटकसरीच्या धोरणात चौथाईची शेकडा ३० झाली, ती आजतागायत तशीच आहे.

करुणेने केलेल्या नियमालाही हिशेबाची एक बाजू असते, आणि ती करुणा ओसरल्यावर दिसू लागते. भाडे मिळकतीला बांधले गेले, त्याबरोबर ज्याची मिळकत वाढली त्याला सरकारी घर महाग वाटू लागले. त्याने बाहेर बाजारभावाचे घर पाहिले, आणि वसाहतीत उरले ते मुख्यत्वे कमाई नसलेले लोक. आपल्या मुंबईने याच्या अगदी उलट चूक केली. १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे गोठविले गेले, खोलीतला उमेदवार कारकून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला तरी भाडे हलले नाही, आणि जो मोबदला भाड्यात मिळेना तो पागडीच्या रूपाने हात बदलू लागला. मुंबईने खंड गोठविला, वॉशिंग्टनने बटई पत्करली. दोन्ही ठिकाणचे घरमालक आणि भाडेकरू आपापल्या नियमाच्या फटी शोधण्यात तरबेज झाले, एवढे साम्य मात्र सांगता येते.

आता त्या लिफाफा घेऊन आलेल्या बाईचा हिशेब थोडा जवळून पाहू. १९९७ च्या सप्टेंबरपासून पुढे जवळजवळ दहा वर्षे अमेरिकेतील किमान वेतनाचा मध्यवर्ती दर ताशी ५ डॉलर १५ सेंट होता. दोन मुलांची ही आई आठवड्याला वीस तास काम करीत असेल तर वर्षाकाठी तिच्या हाती ५,३५६ डॉलर येत. तिने चाळीस तासांचे पुरे काम धरले तर आणखी तितकेच. या जादा कमाईतील प्रत्येक डॉलरामागे ३० सेंट भाड्यात जात, सुमारे २४ सेंटांनी तिची अन्नाची मदत, म्हणजे फूड स्टँप, कमी होई, आणि साडेसात सेंटांहून थोडा अधिक कर वृद्धापकाळाच्या व वैद्यकीय विम्यापोटी पगारातूनच कापला जाई. निर्वाहभत्त्यातली घट राज्याराज्यांत निराळी, ती तूर्त बाजूस ठेवू; बसचे भाडे आणि कामावर जाताना लागणारे बूटही बाजूस ठेवू. तरीही डॉलरातले बासष्ट सेंट गेलेच. याला उतारा म्हणून सरकारने १९७५ पासून कष्टकरी कुटुंबांसाठी एक करपरतावा ठेवला आहे, आणि १९९३ साली तो पुष्कळ वाढविल्यावर दोन मुलांच्या आईला सुरुवातीच्या कमाईवर डॉलरामागे ४० सेंट परत मिळू लागले. कागदावर हा उतारा चांगलाच गुणकारी आहे. पण भाडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला द्यावयाचे आणि परतावा वर्षातून एकदा, विवरणपत्र भरल्यानंतर, वसंताच्या सुमारास यावयाचा. अर्थशास्त्राच्या तक्त्यात या दोन रकमा एकाच स्तंभात बसतात, परंतु जिच्या घरात महिन्याच्या विसाव्या दिवशी दूध संपते तिच्या मनात त्या एका स्तंभात कधीच बसत नाहीत.

अशा स्थितीत २२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्या प्रसिद्ध कायद्यावर सही केली, आणि १९३५ पासून अनाथप्राय मुलांच्या व त्यांच्या आयांच्या नावे चालत आलेला निर्वाहभत्त्याचा हक्क संपुष्टात आला. यापुढे मध्यवर्ती पैशातून सबंध आयुष्यात साठ महिन्यांहून अधिक भत्ता मिळणार नव्हता, आणि तो घेतानाही काम शोधणे किंवा करणे भाग होते. १९९४ साली पन्नास लाखांच्या घरात असलेली भत्तेदार कुटुंबांची संख्या २००० सालापर्यंत सुमारे बावीस लाखांवर आली. यात कायद्याच्या धाकाचा भाग किती, तेव्हाच्या भरभराटीच्या बाजाराचा किती आणि करपरताव्याचा किती, यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. त्यांत आपण शिरावयाचे कारण नाही. आपल्याला हवे ते इतकेच, की या भत्तेदार कुटुंबांपैकी चारांत सुमारे एक कुटुंब सरकारी घरात किंवा सरकारी साहाय्याच्या घरात राहत होते, आणि वरचा हिशेब जाणणाऱ्या कोणाही शहाण्या माणसाने भविष्य वर्तविले असते, की कामाकडे वळण्यात ही कुटुंबे सर्वांच्या मागे राहतील.

प्रत्यक्षात पहिला धक्का बसला तो याच भविष्याला. मिनेसोटा राज्याने १९९४ पासून काही जिल्ह्यांत एक प्रयोग चालविला होता: कामावर गेलेल्या आईचा भत्ता झटकन् न तोडता तिच्या कमाईचा बराच भाग हिशेबातून वगळावयाचा, आणि दीर्घकाळ भत्त्यावर असलेल्यांना कामाच्या तयारीत भाग घेणे बंधनकारक करावयाचे. भाग घेणाऱ्यांची निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने झालेली असल्यामुळे तुलना चोख होती. निकाल आले तेव्हा असे दिसले, की रोजगारातील वाढ जी झाली ती विशेषेकरून सरकारी किंवा साहाय्याच्या घरात राहणाऱ्या बायकांत. ज्या बाजारभावाच्या घरांत राहत होत्या त्यांच्यात ती पुष्कळच कमी. ज्यांच्या पायांत बटईची बेडी, त्याच पुढे धावल्या! विद्वानांनी याची कारणे अनेक परींनी लावली आहेत. मला त्यांतले सर्वांत पटणारे कारण अगदी साधे वाटते. बाजारभावाच्या घरात राहणारी निर्धन बाई वर्षात दोनदोन, तीनतीनदा बिऱ्हाड हलविते; आज बहिणीकडे, उद्या मैत्रिणीच्या बैठकीच्या खोलीत, परवा दुसऱ्याच शाळेच्या हद्दीत. सकाळी सहाच्या पाळीला वेळेवर पोचण्यासाठी आदल्या रात्री आपण कोठे झोपणार हे माहीत असावे लागते. भत्त्याच्या योजनेने कामाचे फळ हातात ठेवले, आणि घर पक्के असल्यामुळे ते फळ उचलण्याइतकी उसंत या बायकांना मिळाली.

याचा अर्थ बटईचा दोष काल्पनिक होता असा मात्र नाही. १९९७ साली शिकागोत व्हाउचरांसाठी अर्ज मागविले तेव्हा ८२,६०७ पात्र अर्जदार पुढे आले, आणि कोणाचा क्रमांक आधी हे सोडतीने ठरले. ब्रायन जेकब आणि येन्स लुडविग या दोन संशोधकांनी या सोडतीचा आधार घेऊन पुढील वर्षांची नोंद तपासली. त्यांना असे आढळले, की व्हाउचर वापरल्यामुळे काम करणाऱ्यांचे प्रमाण चार टक्क्यांच्या अंतराने, म्हणजे मूळच्या मानाने शेकडा सहाने, उतरले आणि कमाई सुमारे शेकडा दहाने घटली. ‘पाहा, गरिबाला छप्पर दिले की तो हात आखडता घेतो,’ असे म्हणणाऱ्यांना हा आकडा प्रिय आहे. पण शंभर कमावत्यांपैकी चौऱ्याण्णव जणांनी डॉलरातले तीस सेंट देऊनही काम सोडले नाही, ही त्याच आकड्याची दुसरी बाजू ते सहसा वाचून दाखवीत नाहीत.

१९९९ च्या आर्थिक वर्षासाठी अमेरिकी काँग्रेसने भत्त्यावरून कामाकडे वळणाऱ्या कुटुंबांसाठी मुद्दाम ५०,००० व्हाउचर मंजूर केले, आणि अटलांटा, ऑगस्टा, फ्रेझ्नो, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस व स्पोकेन या सहा ठिकाणच्या ८,७३१ कुटुंबांवर त्यांचा परिणाम पाहण्यात आला. पहिल्या वर्षाच्या सुमारास कामाचे प्रमाण किंचित घसरले. घर बदलणे, नवी शाळा, नव्या बसचे वेळापत्रक यांतच ते दिवस गेले असावेत. पुढे ही घसरण भरून निघाली, आणि साडेतीन वर्षांच्या एकूण हिशेबात रोजगारावर परिणाम दिसेनासा झाला. मात्र निवारागृहात किंवा रस्त्यावर राहण्याची पाळी आलेल्या कुटुंबांचे प्रमाण शेकडा १३ वरून शेकडा ३ वर आले. रोजगाराचा आकडा शोधायला निघालेल्या अहवालाची ही जोडनोंद मला मूळ उत्तरापेक्षा मोलाची वाटते.

मग बटईऐवजी खंड करून पाहिला तर? हा प्रयोगही झाला, आणि या सबंध विषयात मला सर्वांत बोलका वाटतो तो हाच. ‘जॉब्ज-प्लस’ या नावाने १९९८ ते २००३ या काळात बाल्टिमोर, चॅटानूगा, डेटन, लॉस एंजेलिस, सेंट पॉल आणि सिएटल या सहा शहरांतील सरकारी वसाहतींत तो चालला. प्रत्येक शहरात सारख्या स्थितीच्या वसाहती निवडून त्यांपैकी योजना कोणत्या वसाहतीला द्यावयाची हे चिठ्ठीने ठरविले होते. योजनेची अंगे तीन. वसाहतीच्या आवारातच नोकरी शोधून देणारी कचेरी. दुसरे, भाड्याच्या नियमात बदल, कोठे ठरीव भाडे, कोठे पायरीपायरीने चढणारे, पण कमाई वाढल्याबरोबर उडी मारणारे कोठेच नाही. आणि तिसरे, शेजाऱ्याने शेजाऱ्याला कामाची बातमी देणे. हे तिसरे अंग अहवालांत थोडे बाजूला पडलेले दिसते, पण त्याचे महत्त्व चाळीत वाढलेल्या माणसाला सांगावे लागू नये. सेंट पॉलच्या माउंट एअरी वसाहतीत लाओसच्या डोंगरांतून निर्वासित होऊन आलेली ह्मोंग कुटुंबे मोठ्या संख्येने राहत होती; इंग्रजीत छापलेले सरकारी पत्रक त्यांच्या दारात पडून राहिले असते, तेथे त्यांच्याच भाषेत बोलणारी शेजारीण दारावर आली तर गोष्ट वेगळी.

कित्येक भाडेकरूंचा आरंभी या बोलावण्यावर विश्वास बसेना, आणि त्यांचा दोष तरी काय? ज्या मंडळाने आजवर मिळकत वाढली की भाड्याची नोटीस पाठविली, तेच आता ‘खुशाल कमवा, भाडे वाढणार नाही’ असे म्हणू लागले, तर मनुष्य आधी दार किलकिलेच ठेवणार. सर्वच शहरांत योजना नीट रुजलीही नाही. बाल्टिमोर आणि चॅटानूगा येथे ती पुरतेपणी उभीच राहिली नाही, आणि सिएटलची वसाहत पाडून नव्याने बांधण्याचे काम निघाल्यामुळे माणसेच पांगली. परंतु डेटन, लॉस एंजेलिस आणि सेंट पॉल येथे तिन्ही अंगे खरोखर चालली, आणि तेथील रहिवाशांची कमाई, तुलनेच्या वसाहतींच्या मानाने, सात वर्षांच्या सरासरीने शेकडा १६ अधिक, म्हणजे वर्षाकाठी सुमारे १,३०० डॉलरांनी अधिक भरली. योजनेची मुदत संपल्यावरही हा लाभ चालू राहिला. छप्पर तेच, माणसे तीच, शहर तेच. कराराची अट बदलली होती, नोकरीची कचेरी आवारात आली होती, आणि या साऱ्याची बातमी ओळखीच्या तोंडातून आली होती.

घर कोठे आहे याचाही येथे मोठा संबंध आहे, असे मत अर्थशास्त्रज्ञ जॉन केन यांनी १९६८ साली मांडल्यापासून चालत आले आहे: कारखाने उपनगरात गेले आणि कृष्णवर्णीय कामगार शहराच्या पोटात अडकून राहिला. वस्ती बदलल्याने काय साधते हे पाहण्यासाठी १९९४ पासून पाच शहरांतील सुमारे ४,६०० कुटुंबांना घेऊन, त्यांतील काहींना केवळ कमी दारिद्र्याच्या वस्तीतच वापरता येतील असे व्हाउचर दिले गेले. आयांच्या रोजगारात फरक पडला नाही. त्यांचे मनःस्वास्थ्य सुधारले, आणि तेरा वर्षांच्या आत हललेली मुले मोठेपणी इतरांहून सुमारे शेकडा ३१ अधिक कमावू लागली. आईसाठी केलेल्या पेरणीचे पीक मुलांच्या खळ्यावर आले. पण तो निराळ्या प्रकरणाचा विषय आहे.

पुन्हा भाड्याच्या नियमाकडे वळायचे तर, १९९८ च्या गृहनिर्माण कायद्याने बटईची धार थोडी बोथट केली. सरकारी वसाहतीतील कुटुंबाने ठरीव भाडे द्यावयाचे की मिळकतीप्रमाणे, हे दरवर्षी त्यानेच निवडावे. आणि भत्त्यावरून कामाला लागलेल्याची वाढीव कमाई पहिले बारा महिने मोजूच नये, पुढले बारा महिने निम्मीच मोजावी, असे ठरले. त्याआधी, १९९० सालीच, आणखी एक चतुर युक्ती निघाली होती. कमाईमुळे चढलेले भाडे वसूल तर करावयाचे, पण तितकीच रक्कम कुटुंबाच्या नावे अनामत खात्यात टाकावयाची आणि पाच वर्षांचा करार पुरा झाल्यावर ती त्याच्या हवाली करावयाची. जणू मालकाने आपला वाटा वेगळ्या कणगीत ठेवून वेळ येताच कुळाला परत करावा. कल्पना सुरेख, परंतु काळजीपूर्वक केलेल्या तुलनांत तिने एकूण कमाईत फारशी भर घातलेली दिसली नाही. पाच वर्षांनी उघडणाऱ्या कणगीकडे पाहून आज रात्रपाळी धरावी, इतका दूरचा विचार करण्याची चैन या घरांत थोड्यांनाच परवडते.

इतके सांगितल्यावर खंडाची बाजू मी उचलून धरीत आहे असे वाटेल, म्हणून बटईच्या वतीनेही एक साक्ष नोंदविली पाहिजे. किमान वेतनाची कामे अळवावरच्या पाण्यासारखी असतात. नाताळानंतर दुकाने माणसे कमी करतात, मूल आजारी पडून चार खाडे झाले की आईचे नाव हजेरीपटावरून उतरते. अशा वेळी मिळकतीप्रमाणे भाडे देणारी बाई शेवटच्या पगाराची पावती घेऊन त्याच कचेरीत जाते आणि त्याच मेजाच्या अलीकडे बसते, आणि तिचे भाडे शंभर डॉलरांच्याही खाली येऊ शकते. ठरीव भाडे घेणाऱ्यालाही संकट आल्यास पुन्हा मिळकतीच्या भाड्यावर येण्याची मुभा १९९८ च्या कायद्याने ठेवली आहे, ती याच कारणाने: सुगीत खंड आणि दुष्काळात बटई. आपल्या कुणब्याला असा करार कोणत्याही मालकाने कधी देऊ केला असेल असे वाटत नाही.

तो अमेरिकेतही सर्वांना मिळत नाही. साहाय्यास पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी सुमारे एकालाच ते लाभते; शिकागोच्या सोडतीत ज्यांचा क्रमांक पहिल्या ३५,००० मध्ये लागला त्यांचीच नावे प्रतीक्षायादीवर चढली, बाकीच्यांना तसे कळविण्यात आले. ती कुटुंबे पूर्वीप्रमाणेच खासगी मालकाच्या घरात बाजारभावाने राहिली, म्हणजे निव्वळ खंडाने, आणि त्यांच्या कमाईतल्या प्रत्येक जादा डॉलरावर घरापोटी कोणाचाच वाटा नव्हता. नोकरी गेली आणि भाडे थकले तर इलिनॉय राज्याच्या कायद्याप्रमाणे घरमालकाला पाच दिवसांची नोटीस देता येते.